थंड घरांचा हिरवा रंग

फेन्ना डाइकेमाला एका जागी दहा मिनिटं बसलेलं ऊस्टरहाम शहरात कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही ती दोनदा उठायची, एकदा मीठ आणायला आणि एकदा ते परत ठेवायला. तिचा नवरा बेरेंड शहर बस चालवायचा. तो म्हणायचा, "दिवसभर गाव मी फिरतो आणि पायाला भिंगरी मात्र हिच्या!"

तीस वर्षं तिनं घरोघरचे गॅसचे बॉयलर दुरुस्त केले होते. ग्रोनिंगनच्या त्या भागात गॅस म्हणजे पायाखालची गोष्ट. तिचा बापही गॅसच्या विहिरींवर कामाला होता. पुढे गॅस उपसून उपसून जमीन हादरायला लागली, भिंतींना भेगा पडल्या, विहिरी बंद झाल्या. शहरानं ठरवलं, आता घरातल्या गॅसलाही रामराम करायचा. शहराबाहेरच्या कारखान्यांचं वाया जाणारं गरम पाणी जाड नळांतून घरोघर न्यायचं, जुन्या घरांना ऊब धरून ठेवणारं अस्तर लावायचं आणि धुराड्यांतून जाणारा कार्बन थांबवायचा. फेन्नाच्या कंपनीनं निम्मी माणसं घरी बसवली. त्यांत चोपन्न वर्षांची फेन्नाही होती. घरी बसणं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच. तीन आठवड्यांत तिनं स्वयंपाकघराची सगळी दारं काढून पुन्हा बसवली.

तेवढ्यात विद्यापीठाच्या एका संशोधन गटाचं बोलावणं आलं. कोणत्या वस्तीपासून सुरुवात करायची, हे अंदाजपंचे न ठरवता मोजून ठरवायचं होतं. त्यासाठी चारशे घरांत शिरून बॉयलरच्या नळीवर एक छोटी पेटी लावायची होती. बॉयलर केव्हा पेटतो, किती वेळ चालतो, हे ती पेटी टिपायची. गटाचा प्रमुख वेसल नानिंगा, चाळिशीचा, तांबूस दाढीचा, बटाट्याच्या शेतात वाढलेला माणूस. त्यानं आधी दोन विद्यार्थी पाठवून पाहिले होते. लोकांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

"तुझ्यासारखं कुणीतरी हवं," तो म्हणाला. "आमच्या माणसांना दार उघडत नाहीत."

"उघडणार कसे? इकडचा माणूस पोलिसाला दारात उभा ठेवील," फेन्ना म्हणाली, "पण बॉयलरवाली आली की सरळ पोटमाळ्यावर नेईल."

आणि झालंही तसंच. थंडी सुरू होईपर्यंत चारशे पेट्या लागल्या. त्यांतून आलेल्या आकड्यांवरून वेसलनं शहराचा नकाशा रंगवला. जिथं गॅस फार जळतो ते रस्ते लाल. तिथं काम केलं की कार्बन जास्त वाचणार, म्हणून त्यांचा नंबर आधी. जिथं कमी जळतो ते हिरवे, त्यांचा नंबर शेवटी. दोरवाल्यांच्या वस्तीतला हेनेपस्ट्राट, बासष्ट बुटक्या घरांचा जुना रस्ता, नखशिखांत हिरवा होता. त्याच्यापुढे साल लिहिलं होतं, दोन हजार सदतीस.

फेन्नानं नकाशा पाहिला तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. हेनेपस्ट्राटची घरं तिला ठाऊक होती. एका विटेच्या भिंती, फटींतून शिट्टी वाजवणारा वारा. पण यंत्राचे आकडे समोर होते. ती गप्प बसली.

जानेवारीत एका सकाळी वेसलनं सांगितलं, "एकेचाळीस नंबरची पेटी बिघडलीय. बॉयलर दिवसाला वीसच मिनिटं चालतो असं दाखवतेय. बाहेर उणे चार. शक्यच नाही. बदलून ये."

एकेचाळीसमध्ये डोर्नबॉसबाई राहायच्या. वय एकोणऐंशी. कपड्यांच्या कारखान्यात उभी हयात शिवणकामात गेलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली.

"ये पोरी, पाय पूस. आणि कोट नको काढूस हं. तुला घाई असेल."

फेन्ना वर गेली. बॉयलर ठणठणीत. पेटीही ठणठणीत. पोटमाळ्यावरून उतरताना तिला स्वतःच्या तोंडाची वाफ दिसली. निजायच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला, तर मेलेल्या माशासारखा गार. तिनं पिशवीतलं कामाचं थर्मामीटर काढून रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीत धरलं. साडेबारा अंश. खोलीतलं सामान चादरींनी झाकलेलं होतं. झाडाच्या कुंड्या स्वयंपाकघरात हलवलेल्या. बाई तिथंच टेबलाशी दोन स्वेटर घालून बसल्या होत्या. मांडीवर शालीखाली गरम पाण्याची पिशवी.

त्यांनी कॉफी ओतली, डब्यातून एक बिस्किट काढून बशीत ठेवलं आणि डबा बंद केला. मग फ्रीजवर चिकटवलेलं एक पत्र कौतुकानं दाखवलं. ते वेसलच्याच गटाचं होतं. वर हिरवं पान छापलेलं. 'अभिनंदन! तुमचं घर वस्तीतल्या सर्वांत कमी ऊर्जा वापरणाऱ्या घरांपैकी आहे.'

"बघ. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही माझा. आता आला."

फेन्नानं कप खाली ठेवला. "डोर्नबॉसबाई, थर्मोस्टॅट कितीवर ठेवता?"

"ठेवते की बरोबर."

"बरोबर म्हणजे किती?"

"तू बॉयलर बघायला आलीस का मला?"

"घरात साडेबारा आहे हो. बैठकीच्या खोलीत तर लोणी ठेवता येईल."

"मग ठेव की. माझा फ्रीज लहानच आहे." बाई हसल्या. फेन्ना हसली नाही, तशा त्याही थांबल्या. "हे बघ, सकाळी मी वाचनालयात जाते. तिथं पेपर फुकट आणि ऊबही फुकट. तीनला परत येते. संध्याकाळी कुशीत पिशवी. माझं काही अडत नाही. गॅसचं बिल बघून छातीत धडधडण्यापेक्षा हे बरं. पण एक सांगते. मी जन्मात कुणापुढं रडगाणं गायलं नाही. आपली आल्ट्ये डोर्नबॉस थंडीत बसते, हे गल्लीला कळलं तर मी बाहेर तोंड दाखवायची नाही. शब्द दे मला."

"दिला," फेन्ना म्हणाली.

आणि शब्द देऊन बाहेर पडली तीच मुळी जीव टांगणीला लावून. सायकल हातात धरून ती कालव्याच्या कडेनं चालत राहिली. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. यंत्रानं कमी गॅस पाहिला आणि घर चांगलं ठरवलं. घर कसलं चांगलं, चाळण आहे नुसती! म्हातारी गारठून बसते म्हणून गॅस जळत नाही. आणि तिनं गारठून बसायचं, त्याला आपण हिरवं पान छापून पाठवलं. तेही आणखी डझनभर वर्षं बसा, असं सांगून.

एकच घर तसं असेल तर? की सगळी गल्लीच? हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. पुढचे दोन आठवडे ती 'बॅटरी तपासायचीय' म्हणून हेनेपस्ट्राटची दारं वाजवत सुटली. एका दुपारी चार घरं, दुसऱ्या दिवशी तीन. कोट अंगात, थर्मामीटर बाहीत. चौदा. साडेतेरा. पंधरा. पुन्हा चौदा. एप्पो क्रेमर नावाचा मालवाहू होडीवरचा निवृत्त नावाडी घरात कानटोपी घालून बसला होता.

"माझं घर? अगं भट्टी आहे भट्टी! बनियनवर बसतो मी."

"मग टोपी कशाला?"

"टक्कल झाकायला."

"थर्मामीटर चौदा म्हणतंय, एप्पो."

"तुझं यंत्र बिघडलंय," तो म्हणाला आणि टोपी आणखी खाली ओढली.

अकरा घरं पाहून झाली तशी ती तडक वेसलच्या खोलीत जाऊन उभी राहिली. त्यानं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"तुझा नकाशा खोटा आहे."

वेसलनं चष्मा काढला. "आकडे खोटे आहेत?"

"आकडे खरे आहेत. नकाशा खोटा. इथं बसून उंटावरून शेळ्या हाकतोस तू. हेनेपस्ट्राटला गॅस जळत नाही, कारण माणसं कुडकुडत बसतात. घरं चांगली आहेत म्हणून नाही."

"कुणाच्या घरी पाहिलंस?"

"ते सांगणार नाही. अकरा घरी पाहिलं एवढंच."

त्यानं चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाला, "फेन्ना, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण अकरा घरं, हातातलं थर्मामीटर, कधी सकाळी, कधी दुपारी. शहराच्या समितीपुढं हे ठेवलं तर ते म्हणतील, बाईनं गप्पा ऐकून आणल्या."

"मग नीट मोज!"

"घरातली ऊब मोजायची म्हणजे माणूस कधी उठतो, कधी झोपतो, कधी बाहेर जातो, सगळं कळतं. प्रत्येक घराची लेखी संमती लागते. म्हणून तर सुरुवातीला ते आम्ही टाळलं. सोपं पडलं." शेवटचे दोन शब्द तो स्वतःलाच म्हणाल्यासारखं पुटपुटला.

"सोपं पडलं!" फेन्नानं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याचा फोन आला. "माझ्याही डोक्यातून जात नाही ते. मार्चअखेर समिती बसतेय. चाळीस घरांच्या सह्या आण. फेब्रुवारीतले दोन आठवडे मोजू."

सह्या आणणं म्हणजे दगडातून पाणी काढणं निघालं. त्या भागातला माणूस पाय मोडला तरी 'चाललंय, यापेक्षा वाईट असतं' म्हणणारा. फेन्ना कागद पुढं करायची, लोक कागदाकडं बघायचे, मग घड्याळाकडं. "आमच्याकडं काय मोजायचं? आम्ही मजेत आहोत." एका बाईनं तर तिच्यासमोर घाईघाईनं थर्मोस्टॅट वर फिरवला आणि ती वळल्यावर परत खाली केल्याचा आवाज फेन्नानं जिन्यात ऐकला. आठवडाभरात सहा सह्या झाल्या. डोर्नबॉसबाईंकडं ती गेलीच नाही. शब्द दिला होता.

त्या दिवसांत तिचं घरात लक्ष नसायचं. बेरेंडनं केलची पालेभाजी बटाट्यात कुस्करून, वर सॉसेज ठेवून ताट समोर ठेवलं, तर ती दोन घास खाऊन खिडकीशी.

"त्या खिडकीत कोण उभं आहे?"

"कुणी नाही."

"मग ताटाशी ये. सॉसेज पळून जाणार नाही, पण गार होईल."

"गार म्हणू नकोस," ती खेकसली. बेरेंड समजूतदार माणूस. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

शेवटी वेसलनं वस्तीच्या शाळेत सभा बोलावली. शंभरेक माणसं आली. लहान मुलांच्या लहान खुर्च्यांवर गुडघे दुमडून बसली. डोर्नबॉसबाई तिसऱ्या रांगेत होत्या, ठेवणीतला निळा कोट घालून. वेसलनं भिंतीवर नकाशा दाखवला आणि आतली ऊब का मोजायची, ते सांगायला लागला. तो बोलला चांगलं, पण लांबण लागली. लोक चुळबुळायला लागले. मागून एक जण उठला.

"आपली गल्ली हिरवी आहे ना? म्हणजे आपण शहाणे. उधळेपणा करतात ते लाल. मग हे मोजमापाचं झेंगट आपल्या गळ्यात कशाला?"

टाळ्या पडल्या. डोर्नबॉसबाईंनीही दोन टाळ्या वाजवल्या.

फेन्ना भिंतीला टेकून उभी होती. गेले कित्येक दिवस साठलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. तिनं जीभ चावायला हवी होती. तिनं ती चावली नाही.

"शहाणे?" ती ओरडली. "याच गल्लीत एक बाई आहे. ऐंशीला टेकलेली. बैठकीची खोली चादरी घालून बंद केलीय तिनं. ऊब मिळावी म्हणून रोज वाचनालयात जाऊन बसते. तिला आम्ही अभिनंदनाचं पत्र पाठवलं! ह्याला शहाणपण म्हणता?"

नाव तिनं घेतलं नव्हतं. पण रोज सकाळी वाचनालयात कोण जातं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शंभर माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या.

डोर्नबॉसबाई उठल्या. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून लावली, अगदी वरचंसुद्धा. कुणाकडं न बघता रांगेतून बाहेर आल्या. फेन्नाजवळून जाताना थांबल्या नाहीत. दार बंद झालं.

मग एप्पो क्रेमर उभा राहिला. त्यानं कानटोपी काढून हातात धरली. खाली भरघोस पांढरे केस होते.

"माझ्याकडं चौदा आहे," तो म्हणाला. "सकाळी तेरा. कुठं सही करायची ते दाखव."

त्याच्यामागून एक तरुण जोडपं आलं. मग ती थर्मोस्टॅटवाली बाई. घरी जाईपर्यंत त्रेचाळीस सह्या झाल्या. लोक फेन्नाला 'बरं केलंस' म्हणत होते. तिला ते ऐकवत नव्हतं. ती धावतच एकेचाळीस नंबरला गेली. घंटी वाजवली, पत्राच्या फटीतून हाका मारल्या. "डोर्नबॉसबाई, चुकले मी. दार उघडा." आत दिवा होता. तो मालवला गेला.

दुसऱ्या दिवशीही दार उघडलं नाही. तिनं टाकलेली चिठ्ठी तिसऱ्या दिवशी तिच्याच पत्रपेटीत परत आली, न उघडलेली.

फेब्रुवारीत पूर्वेचा वारा सुटला. कालवे गोठले. त्रेचाळीस घरांच्या टेबलांवर, कपाटांवर बसवलेली चिमुकली यंत्रं दोन आठवडे दर दहा मिनिटांनी टिपण करत राहिली. सरासरी निघाली चौदा पूर्णांक सहा. फेन्ना निकालाची वाट बघत वेसलच्या दाराबाहेर फेऱ्या घालत होती. आता नकाशा पालटणार. निदान डोर्नबॉसबाईंना जे सोसावं लागलं, ते वाया जाणार नाही.

वेसलनं तिला आत बोलावलं. "बस."

"उभीच बरी आहे."

"तू म्हणालीस तसंच आहे. घरं चाळणी आहेत. शहरातली सर्वांत वाईट."

"मग?"

"मग मी हिशेब पुन्हा मांडला." त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. "अस्तर लावून वाचणार काय, तर आज जो गॅस जळतोय त्यातलाच काही. इथं तो जळतच नाही. जे खर्चच होत नाही, ते वाचणार कुठून? पेटी नसलेल्या घरांचा गॅस मी हे लोक निदान अठरा-एकोणीसवर राहतात असं धरून काढला होता. आता खरं घातल्यावर तुझी गल्ली आणखी खाली घसरते. सदतीस नाही. एकोणचाळीस."

फेन्नाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मग कळलं, चुकलो नाही.

"म्हणजे जो जास्त कुडकुडेल, त्याचा नंबर जास्त उशिरा?"

"कार्बनच्या हिशेबानं... हो. मलाही हे आवडत नाही, फेन्ना. पण शहरानं मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर हे आहे."

ती बाहेर पडली. कुठं जायचं, हे ठरलेलं नव्हतं. समोर बेरेंडची सहा नंबरची बस आली, तिच्यात ती चढली. चालकाशेजारच्या दांड्याला धरून उभी राहिली ती एक पूर्ण फेरी झाली तरी तशीच. दुपारची वेळ, बस रिकामी.

"बस की गं. बत्तीस जागा आहेत."

"मी एका म्हातारीची इभ्रत चव्हाट्यावर मांडली, बेरेंड. आणि मिळालं काय? आणखी दोन वर्षांची थंडी." तिनं सगळं सांगितलं. बेरेंड वळणं घेत ऐकत होता.

"मोजणारे असेच," तो शेवटी म्हणाला. "आमच्याकडंही येतात. बसमध्ये चढलेली माणसं मोजतात. जो थांब्यावर वाट बघून, कंटाळून पायी गेला, त्याला कोण मोजतं? म्हणे ह्या वाटेला माणसंच नाहीत, लहान बस पुरे. मग लहान बस वेळेवर यायला लागते आणि पहिल्याच सोमवारी दारात माणसं लोंबकळतात. साहेब विचारतात, अरे ही आली कुठून? होतीच ना! चालत होती."

फेन्नानं दांडा सोडला. "काय म्हणालास?"

"माणसं होतीच म्हणालो."

"दार उघड."

"थांबा पुढं आहे."

"बेरेंड, दार उघड!"

पुढच्या थांब्यावर उतरून ती जवळजवळ पळत विद्यापीठात आली. वेसल पाव खात होता.

"गरम पाण्याच्या नळाची जाडी कशावरून ठरवली?"

"आताच्या गॅसवरून. जेवढा गॅस, तेवढं गरम पाणी. का?"

"कारण ही माणसं आज चौदावर आहेत. तुझा नळ आला, बॉयलर गेला, महिन्याचं बिल ठरावीक झालं, की डोर्नबॉसबाई पहिल्याच दिवशी चादरी काढतील. एप्पो टोपी काढील. सगळी गल्ली वीसवर जाईल, आणि घरं तशीच चाळणी! उणे दहाच्या सकाळी सगळे एकदम चाक फिरवतील. नळ पुरणार नाही. मग तुम्ही काय कराल? कडाक्याच्या थंडीसाठी म्हणून कडेला ठेवलेली राखीव गॅसची भट्टी पेटवाल. दिवस दिवस चालवाल. बाबा रे, तीस वर्षं मी हेच केलंय. कुठलाही नळ माणसाच्या आजच्या सवयीवर बसवायचा नसतो. तो घरावर बसवायचा असतो."

वेसलच्या हातातला पाव तसाच राहिला. त्यानं फळ्याकडं जाऊन काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "तीन दिवस दे," तो म्हणाला.

तीन दिवसांचे पाच झाले. निघालं ते असं. अस्तर न लावता नळ नेला, तर तो दीडपट जाड लागणार, तोही मुख्य वाहिनीपासून. नाहीतर दर कडाक्याच्या थंडीत गॅसची भट्टी धडाडणार, आणि कागदावर वाचलेला निम्मा कार्बन पुन्हा धुराड्यातून जाणार. आधी अस्तर लावलं, तर ठरवलेलाच नळ पुरतो. आणि शहरभरात असे हिरवे रस्ते एकटा हेनेपस्ट्राट नव्हे, एकोणीस निघाले.

समितीपुढं वेसलनं फेन्नालाही नेलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. एका सभासदानं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही संशोधक?"

"नाही. मी बॉयलर दुरुस्त करते."

"मग लोक ऊब वाढवतीलच, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"तुमच्या ह्या खोलीत किती आहे हो?"

कुणीतरी भिंतीवर पाहिलं. "एकवीस."

"कमी करू? चौदा?"

लोक हसले. सभासद हसला नाही, पण त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

निर्णय व्हायला मे उजाडला. सगळं मिळालं नाही. भिंतींपैकी फक्त मागच्या बाजूच्या, शिवाय छप्पर, तळ आणि खिडक्या. पण साल बदललं. एकोणचाळीसच्या जागी पुढच्या वर्षीचा शरद ऋतू आला. आणि यापुढं कुठल्याही वस्तीचा नकाशा रंगवण्याआधी संमती घेऊन आतली ऊब मोजायची, असंही ठरलं.

काम झाल्यावर तपासणीला जायचं फेन्नाच्या वाट्याला आलं. एकेचाळीस नंबर तिनं शेवटी ठेवला. या वेळी दार उघडलं.

"या, डाइकेमाबाई," डोर्नबॉसबाई म्हणाल्या. "बूट दारात काढा."

फेन्नानं काढले. घरात अठरा होतं. बैठकीच्या खोलीतल्या चादरी गेल्या होत्या, कुंड्या खिडकीत आल्या होत्या. ती पोटमाळ्यापर्यंत जाऊन आली, फटींवर हात फिरवून पाहिला, कागदावर खुणा केल्या. कॉफीचं नाव निघालं नाही.

"काम चांगलं झालंय," बाई म्हणाल्या. "ते मी नाकारत नाही."

"डोर्नबॉसबाई, त्या दिवशी मी..."

"माफी मागणार असाल तर राहू द्या. तिचं मी काय करू? त्या दिवसापासून वाचनालयातली मुलगी मला न मागता कॉफी आणून द्यायला लागली. जवळ वाकून, हळू आवाजात. बारा वर्षं मी तिथं पेपर वाचायला येणारी बाई होते. आता मी कोण आहे, ते तुम्हीच सांगा." त्यांनी दार उघडून धरलं. "मी आता जात नाही तिथं. घरीच वाचते. घर गरम आहे ना."

फेन्ना बूट घालायला वाकली. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

पुढचा हिवाळा गेला आणि हेनेपस्ट्राटचे आकडे आले. गॅस जेमतेम दहावा हिस्सा कमी झाला होता. घरं दुप्पट चांगली झाली होती, पण माणसांनी खोल्या उघडल्या होत्या. वेसलनं काही न लपवता तसंच लिहिलं. स्थानिक पेपरानं खिल्ली उडवली, 'एवढं अस्तर लावलं आणि वाचलं एवढंच?' एप्पोनं तो पेपर घेऊन फेन्नाला रस्त्यात गाठलं. "हे बघ, तुझी काय अब्रू काढलीय!" तो आनंदानं म्हणाला. अंगात त्याच्या फक्त सदरा होता, दारातून तसाच धावत आला होता. गरम पाणी आल्यावर खरं कळेल, असं वेसल म्हणत होता. नळ अजून दोन वर्षं लांब होता. तोवर फेन्नाला हा आकडा टोचतच राहिला. आपण बरोबर केलं की नाही, हे तिला त्यातून काही केल्या वाचता येईना. बेरेंडला विचारलं, तर तो म्हणाला, "तू दोन गोष्टी केल्यास. एक बरोबर आणि एक चूक. त्यांची बेरीज कशाला करतेस?"

मार्चमध्ये वेसलनं तिला बंदराजवळच्या वस्तीत पाठवलं. तिथंही जुनी घरं, तिथंही नकाशावर हिरवी पट्टी. तिनं आता दारात विचारायच्या प्रश्नांचा क्रम बदलला होता. मीटर कुठं आहे, हे ती विचारायची नाही. पहिल्याच दारात एक उंच म्हातारा आला, गळ्यात लोकरी पट्टा गुंडाळलेला.

"नमस्कार. तुम्ही दिवसभर कोणत्या खोलीत बसता?"

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला काय करायचंय?"

"ते माझ्यापाशीच ठेवायचंय. बाहेर जाणार नाही," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्याक्षणी तिला एकेचाळीस नंबरचं दार आठवलं.

दार म्हाताऱ्यानं लावलं नाही आणि पूर्ण उघडलंही नाही. फेन्ना पायरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, वाऱ्यात उभी राहिली.